विषय : अबोला रद्द होणेबाबत

“आधी विषय सांगा.”

राधाकिशन मुनशींचं हे वाक्य साऱ्या तालुक्याला पाठ होतं. कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली त्यांचं टेबल. माणूस समोर येऊन बसायचा, घसा खाकरायचा, बाई असली तर पदर डोळ्याला लावायची, पण मुनशींची मान कागदावरून वर होत नसे. “आधी विषय सांगा, मग रडा,” म्हणायचे. घरी त्यांच्या मंडळी सुभद्राबाई ‘ऐकलं का’ म्हणाल्या की त्यांनाही चुलीपाशीच अडवून विचारायचे, “विषय?” मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हेच विचारलं होतं. पाहुणे चहा न पिता उठून गेले असं लोक सांगतात, ते खोटं आहे. चहा पिऊन गेले.

तालुका कोणता ते सांगत नाही. त्या कचेरीतली माणसं अजून नोकरीत आहेत. बीड जिल्ह्यातला आहे, एवढं पुरे.

बत्तीस वर्षं मुनशींनी लोकांचे अर्ज लिहिले. अक्षर असं की दोरी धरून पेरलेल्या तासासारखी ओळ जायची, कुठं वर नाही, कुठं खाली नाही. नव्या पोरांनी बाजूला कॉम्प्युटर मांडले, तरी जुनी माणसं मुनशींकडंच यायची. “छापलेला अर्ज सायेब वाचत न्हाईत, मुनशीचा हातचा वाचतेत,” असं म्हणायची. मुनशींना याचा गर्व होता आणि तो ते लपवत नसत. सदर, सबब, उपरोक्त, मेहरबान असे शब्द त्यांच्या हाताखाली बैलासारखे चालायचे. एक शब्द मात्र बत्तीस वर्षांत त्यांच्या लेखणीतून उतरला नव्हता, तो म्हणजे ‘मी’. मी कशाला? अर्जदार आहे की.

दिवाळीला त्यांची लेक दिपाली केजहून माहेरी आली, आणि तिथून या माणसाच्या जिवाची शांतता गेली.

दिपाली मोबाईलमध्ये बघून काहीतरी भराभरा लिहीत होती. मुनशींनी सवयीनं विचारलं, “विषय काय?”

“विषय न्हाई, पप्पा. आमचा ग्रुप हाय. रोज दहा मिनटं कविता लिहायची, तीस दिवस. पेन थांबवायचा न्हाई, खोडायचं न्हाई, लिहिलेलं मागं वाचायचं न्हाई. झालं की ग्रुपवर नुसतं ‘झालं’ असं टाकायचं.”

“अन् विषय कोन देनार?”

“सांगितलं ना, विषयच नसतो.”

मुनशी हसले. “दहा मिनटात म्या दोन अर्ज हातावेगळे करतो. तुमचं ते कविता का काय, त्यात काय एवढं?”

“अर्ज येगळा. हे तुमच्यानं व्हायचं न्हाई.”

सुभद्राबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “न्हाईच व्हायचं. विषय न्हाई म्हणल्यावर ह्यांची शाई वाळती.”

दोघी हसल्या. मुनशींनी हातातला लाडू ताटात ठेवला. “घाल माझं नाव,” म्हणाले.

एक नोव्हेंबरला सकाळी दहाला, कचेरीचं दार उघडायच्या आधी, त्यांनी अर्जाचाच एक लांब कागद घेतला, घड्याळ समोर ठेवलं आणि पेनचं टोपण काढलं. पाऊण मिनिटात पेन थांबला. पुढच्या लिंबाकडं बघितलं आणि लिहिलं, ‘लिंब. लिंबाखाली टेबल. टेबलाला चार पाय, पैकी एक आखूड.’ पुन्हा थांबला. मग हात आपोआप पुढं सरकला, ‘सबब नवीन टेबल मिळणेस विनंती.’

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आभाळाबद्दल लिहायला बसले आणि खाली ‘सोबत : आभाळाची सत्यप्रत’ असं लिहून बसले. शेजारी बंकटचं झेरॉक्सचं दुकान होतं. बंकट म्हणजे मुनशींचा वीस वर्षांपासूनचा शेजारी, जिभेला हाड नसलेला. तो काउंटरवर रेलून बघायचा.

“काय मुनशी, घाम आला की. कुणावर दावा लावायलाव?”

“तू तुझी मशीन बघ बे.”

“मशीन थांबली तर म्या बडवतो तिला. तुमी पेनाला बडवा.”

चौथ्या-पाचव्या दिवसापासून दहा मिनिटं संपली तरी चैन पडेना. घाणीत पाय पडल्यावर माणूस जसा दिवसभर चप्पल घासत फिरतो, तसं त्यांचं झालं. समोरचा गडी फेरफाराचं सांगत असायचा आणि मुनशींच्या डोक्यात भलतंच यायचं. आईच्या हातची आंबाड्याची भाजी, शाळेच्या वाटेवरचा ओढा, ओढ्यात वाहून गेलेली एक चप्पल. पूर्वी असं काही आलं तर ते ‘विषयाबाहेर’ म्हणून हुसकून लावायचे. आता हुसकायला विषयच नव्हता. ते उठायचे, लिंबाभोवती एक चक्कर मारायचे, परत बसायचे. दोन कप चहाचे पाच झाले. रोज सकाळी ‘झालं’ टाकायचे, आणि झालेलं काहीच नसायचं.

बाराव्या दिवशी मात्र हात सुटला.

त्या दिवशी सवयीनं त्यांनी वर ‘विषय’ असं लिहिलं. खोडायचं नाही हा नियम. म्हणून पुढं काहीतरी लिहिणं भाग होतं. हातानं लिहिलं, ‘अबोला रद्द होणेबाबत.’ मुनशींना तिथंच थांबायचं होतं, पण पेन थांबवायचा नव्हता. मग घोंगडी आली. लहानपणची काळी घोंगडी, तिच्यात दोन भाऊ. थंडी आली. हात लिहीत राहिला आणि मुनशी त्याच्यामागून धापा टाकत गेले. दहा मिनिटं झाली तेव्हा कागद खालपर्यंत भरला होता आणि कपाळ ओलं होतं. मागं वाचायचं नव्हतं. त्यांनी कागद पालथा घातला आणि ‘झालं’ टाकलं.

तेवढ्यात गर्दी उसळली. अतिवृष्टीच्या यादीत ज्यांची नावं आली नव्हती ती सगळी माणसं त्या दिवशी लोटली होती. दुपारपर्यंत मुनशींनी अकरा अर्ज लिहिले, एकावर एक ठेवले, आणि गठ्ठा घेऊन स्वतःच आवकच्या खिडकीवर गेले. कारकून नवा होता, पंधरा दिवसांचा. त्यानं धडाधड शिक्के मारले.

“बारा,” तो म्हणाला.

“हां,” मुनशी म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं.

“एकाची नक्कल न्हाई जोडली, काका.”

“ऱ्हाऊ द्या.”

तेराव्या दिवशी त्यांनी आपली रोजची पानं मोजली. बारा दिवसांची अकराच भरली. उडालं असेल वाऱ्यानं, म्हणून सोडून दिलं. सतराव्या दिवशी कचेरीचा शिपाई सिदू हातात लखोटा घेऊन टेबलापाशी आला.

“कुनाची नोटीस? ठिव हितं, म्या पोचवतो,” मुनशी म्हणाले.

“तुमचीच हाय.”

मुनशींनी लखोटा फोडला. आयुष्यात हजारो नोटिसा वाचल्या होत्या, पण ही त्यांना दोनदा वाचावी लागली. *विषय : अबोला रद्द होणेबाबत. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने दिनांक २६ रोजी सकाळी अकरा वाजता सुनावणी ठेवण्यात आली आहे. प्रति, १. राधाकिशन. २. भागवत, राहणार दिंद्रुड, अर्जाच्या प्रतीसह.*

नव्या कारकुनानं वरचा विषय वाचला होता, खालची नावं वाचली होती. मधलं कचेरीत कोणी वाचत नाही, हे मुनशींना बत्तीस वर्षं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर त्यांचा धंदा चालला होता.

“दिंद्रुडला गेली का नोटीस?”

“परवाच. रजिस्टरनं,” सिदू म्हणाला. “का ओ?”

मुनशी खुर्चीत बसले, उठले, परत बसले.

भागवत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. वडील गेल्यावर जमिनीची वाटणी करायची ठरली, दोघांच्या राजीखुशीनं. बांध कुठून घालायचा तेसुद्धा भागवतनंच सांगितलं होतं, आणि थोरल्याला विहिरीकडची बाजू दिली होती. अर्ज मुनशींनी स्वतः लिहिला, लई मन लावून. कायद्याच्या रीतीनं एकानं अर्जदार व्हायचं आणि दुसऱ्यानं गैरअर्जदार. नुसती रीत. सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या वट्ट्यावर गावची पन्नास माणसं उभी होती, आणि शिपायानं आरोळी दिली, “गैरअर्जदार भागवत!”

भागवत दुसरीपर्यंत शिकलेला. ‘अर्जदार’ त्याला कळलं नाही. ‘गैर’ मात्र कळलं. आपल्याकडं गैर म्हणजे परका, ज्याचा आपला काही संबंध नाही असा. त्यानं थोरल्याकडं बघितलं. “एका पोटचे अन् म्या गैर?” एवढंच म्हणाला. अंगठा टेकवला आणि निघून गेला. पुढं जमीन बटईनं लावून सासुरवाडीला दिंद्रुडला त्यानं पिठाची गिरणी टाकली. मुनशींनी लोकांजवळ सांगून पाहिलं, “तो कायद्याचा शब्द हाय, माझा न्हवं.” ते खरंही होतं. पण भागवतजवळ जाऊन कधी सांगितलं नाही. धाकट्यापुढं आपण कशाला जायचं?

आता प्रश्न एकच होता आणि तो मुनशींना जागचं हलू देत नव्हता आणि जागी बसूही देत नव्हता. बाराव्या दिवशीच्या त्या पानावर भागवतच्या नावामागं आपण काय लिहिलं? घोंगडी आठवत होती. थंडी आठवत होती. नाव लिहिलेलंही आठवत होतं. त्याच्या मागचा शब्द आठवत नव्हता. आणि बत्तीस वर्षांची हाताची सवय त्यांना ठाऊक होती. पहिल्या नावामागं अर्जदार लिहिलं की दुसऱ्या नावामागं हात न विचारता ‘गैर’ लिहायचा. पेन थांबवायचा नव्हता. खोडायचं नव्हतं. वाचायचं नव्हतं. एकदा गैर म्हणालो ते अकरा वर्षं पुरलं, दुसऱ्यांदा म्हणालो असलो तर उरलेलं आयुष्य.

ते कारकुनाकडं गेले. “तेवढं एक पान बघू द्या मला.”

“फाईल साहेबांच्या टेबलावर गेली, काका. साहेब बीडला मीटिंगला.”

“माझाच कागद हाय तो.”

“मग नकलेसाठी अर्ज करा ना.” पोरानं सरळ मनानं सांगितलं. “न्हाईतर प्रकरण मागं घ्यायचं असलं तर तसा अर्ज द्या.”

मुनशी टेबलाशी आले, कागद घेतला. ‘विषय’ लिहिलं आणि पुढं पेन टेकवून बसले. पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. बंकट काउंटरवरून म्हणाला, “मुनशी, विषय सांगा, म्या लिहून देतो.” त्या दिवशी मुनशींनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही. बंकट मशीन बंद करून बाहेर आला. “काय झालं ओ?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

घरी सुभद्राबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “आता तरी फोन लावा. सरळ विचारा, काय लिवलंय त्यात.”

“फोन लावून विषय काय सांगू?”

“पेटवा त्यो विषय! भावाला फोन कराया विषय लागतो व्हय?”

मुनशींनी मोबाईल हातात घेतला, भागवतचा नंबर काढला, आणि खाली ठेवला. असं त्यांनी नऊ दिवसांत किती वेळा केलं ते सुभद्राबाईंनी मोजलं नाही. रोज दहाला मात्र ते लिहायला बसत होते. अठरा, एकोणीस, वीस. आता पेन थांबत नव्हता, पण पानावर एकच शब्द उतरायचा, वरपासून खालपर्यंत. गैर. गैर. गैर. जणू त्या शब्दाला वापरून वापरून झिजवून टाकायचं होतं. लोकांचे अर्ज चुकू लागले. एका बाईच्या अर्जात तिच्या म्हशीला त्यांनी अर्जदार केलं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांमुळं गावं अर्धी झाली होती, गिऱ्हाईक कमी होतं, तेवढंच बरं होतं.

सव्वीस तारीख उजाडली. मुनशी नऊलाच टेबलावर आले. दहा वाजले, दिवसाचं पान समोर घेतलं, पण टोपण काढलं नाही. तेवढ्यात बायनाबाई म्हणून एक म्हातारी आली. तिचं नाव रेशनकार्डातून गळालं होतं आणि लेक-सून कारखान्यावर गेलेले, म्हणून एकटीच आली होती. काहीतरी हाताला लागलं म्हणून मुनशींना बरं वाटलं.

“बोला, आज्जी.”

“इषय सांगू का आधी?” तिलाही पाठ होतं.

“नगं. बोला नुसतं.”

ती बोलू लागली आणि मुनशी लिहू लागले. अर्ज निम्मा झाला असेल, तोच बंकटनं खूण केली. कचेरीच्या पायऱ्यांवर एक माणूस येऊन बसला होता. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. केस पांढरे झाले होते की पीठ होतं ते इतक्या लांबून कळत नव्हतं. तो टेबलाकडं बघत नव्हता. मुनशीही त्याच्याकडं बघत नव्हते. मध्ये वीस पावलांचं अंगण होतं, आणि त्यात दोन शेळ्या.

अकराच्या पुढं सिदू वट्ट्यावर आला. हातात यादी. पहिली प्रकरणं पुकारली, माणसं आत गेली, पुढची तारीख घेऊन बाहेर आली. मुनशी उभे होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नव्हतं. सिदूनं पुढचा कागद वर घेतला आणि आरोळी दिली.

“अर्जदार नंबर एक, राधाकिशन!”



“अर्जदार नंबर दोन, भागवत!”

पायरीवरचा माणूस उठून उभा राहिला. सिदूनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “गैरअर्जदार… गैरअर्जदार, गैर हा शब्द, राहणार, अर्जदार नंबर एक यांची लेखणी…” तो थांबला. “मुनशी, हे काय लिवलंय ओ? कुनाला पुकारू?”

वट्ट्यावरची माणसं हसली. कोणी म्हणालं, “आरं, त्या लेखणीलाच आत घ्या!” पुन्हा हशा झाला. मुनशी लिंबाला हात लावून उभे राहिले. हातानं लिहिलं होतं, त्यांना न विचारता.

कारकून दारात आला. “साहेब आज न्हाईत. पुढची तारीख पडंल. उगं थांबू नका.”

भागवत तिथूनच मोठ्यानं म्हणाला, “तारीख द्या. पन जवळची द्या. गिरणी बंद ठेवून यावं लागतंय.” मग पायऱ्या उतरला आणि शेळ्या चुकवत टेबलापाशी आला. भुवयांत खरंच पीठ होतं. पिशवीतून त्यानं चार घड्या घातलेली झेरॉक्स काढली आणि टेबलावर ठेवली.

“सायलीनं वाचून दाखवलं,” तो म्हणाला. सायली म्हणजे त्याची लेक. “तीनदा वाचाया लावलं. आलो न्हसतो. पन मला ते वट्ट्यावर पुकारलेलं ऐकायचं हुतं. तवाबी तिथंच पुकारलंतं.”

मुनशींनी मान हलवली. घसा खाकरला. 

“बोलावलंस कावून, दादा? इषय काय हाय?”

बत्तीस वर्षं जो प्रश्न त्यांनी जगाला विचारला, तो समोर येऊन उभा राहिला. “विषय न्हाई,” मुनशी म्हणाले. “मी… नुसतं.”

भागवतनं झेरॉक्सवर बोट आपटलं. “अन् हे खोटं लिवलंस तू. घोंगडी म्या वढायचो म्हनं! तू वढायचास. म्या उघडा पडायचो.”

“तू वढायचास.”

“आई जित्ती असती तर सांगितलं असतं तिनं. खोटा अर्ज केलास. खोट्या अर्जाला सजा असती का न्हाई, सांग?”

“आरं, तू भिताडाकडनं निजायचास. भिताडाकडच्याला घोंगडी वढावीच लागती.”

“भिताडाकडनं तू!” भागवतनं पिशवी काखेत मारली. “साडेबाराची यष्टी हाय. आलो तसा जातो म्या.” आणि तो स्टँडच्या वाटेला लागला. चार पावलं गेल्यावर थांबला नाही, पण चाल मंद केली, आणि मागं न बघता ओरडला, “भिताडाकडनं कोन निजत हुतं ते भिताडातल्या त्या खिळ्यावरनं कळंल. खिळा कुनाच्या डोक्याला लागायचा?”

मुनशी निघाले. पेनला टोपण लावलं नाही. चष्मा कपाळावर तसाच. “खोक तुझ्याच कपाळाला हाय, चाचपून बघ की,” असं म्हणत ते भावाच्या मागं, मग बरोबरीनं चालू लागले. दोघांचे हात हवेत फिरत होते, एक घोंगडी ओढून दाखवत होता, दुसरा खिळा.

टेबलावर दिवसाचं पान कोरं होतं. मोबाईल थरथरला, दिपालीचं नाव आलं, ‘पप्पा, आजचं झालं?’ बंकटनं वाचलं आणि पान उडू नये म्हणून मोबाईल तसाच त्यावर ठेवला. बायनाबाईचा अर्ज ‘सदर अर्जदार ही एकटी राहत असून’ इथं तुटला होता. मुनशींचं वाक्य अर्धं राहिलेलं बंकटनं वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

“माझं ऱ्हायलं की रं,” बायनाबाई म्हणाली. पण हाक मारायला ती उठली नाही. कपाळावर हात धरून ती स्टँडकडं बघत राहिली, आणि तिच्या मागं काउंटरवर रेलून बंकट. दोन माणसं पानपट्टीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी ‘खिळा, खिळा’ असं थोडा वेळ ऐकू येत होतं.